मेलबर्नच्या हिवाळ्यात : एका देशाचा खेळ परदेशात रुजताना

गुरुवार : एम.सी.जी.

जुलैमधला मेलबर्नचा हिवाळा म्हणजे भुरभुर पाऊस, बोचरा वारा आणि पाच वाजून गेल्यावर झपाट्याने दाटणारा अंधार. हाच येथे फुटबॉलचा हंगाम असतो आणि मी मुद्दाम त्याच दिवसांत आले होते. शाळेत मुलींना खो-खो आणि कबड्डी शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. त्यामुळे एखाद्या मुलखाचा स्वतःचा खेळ त्या मुलखाबाहेर कसा जातो, तो नेमका कोण नेतो आणि नेल्यावर तो तिथे रुजतो की विरून जातो, हे प्रश्न मनात पुष्कळ दिवसांपासून घर करून होते. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलइतके या प्रश्नांचे बोलके उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. देश संपन्न, मैदाने भरगच्च, परदेशात खेळ नेण्याचे प्रयत्न शंभराहून अधिक वर्षांचे, आणि तरीही पूर्णवेळ व्यावसायिक पातळीवर तो आजही फक्त एकाच देशात खेळला जातो.

विमानतळावरून सामान मामेभावाकडे टाकून दुपारीच मेलबर्न क्रिकेट ग्राउंड गाठले. लाखभर प्रेक्षक मावणाऱ्या या मैदानाला येथे सगळे नुसते ‘द जी’ म्हणतात. बाहेरच्या हिरवळीवर टॉम विल्सचा पुतळा आहे. ७ ऑगस्ट १८५८ रोजी स्कॉच कॉलेज आणि मेलबर्न ग्रामर या दोन शाळांत याच परिसरातल्या कुरणावर जो सामना सुरू झाला, त्यात विल्स पंच होता, आणि पुतळ्यातही तो पंचाच्याच भूमिकेत उभा आहे. पायांशी चेंडूसाठी झुंजणारी दोन मुले आहेत. विल्स मूळचा क्रिकेटपटू. त्याच वर्षीच्या १० जुलैला एका क्रीडा-साप्ताहिकात त्याचे पत्र छापून आले होते. हिवाळ्यात क्रिकेटपटूंनी अंगाला जडत्व येऊ देऊ नये, त्यांनी एखादा फुटबॉल क्लब काढावा आणि नियम ठरवण्यासाठी समिती नेमावी, असे त्याने त्यात सुचवले होते. पुढच्या वर्षी १७ मे १८५९ रोजी मेलबर्न फुटबॉल क्लबचे अवघे दहा नियम लिहिले गेले. इंग्लंडमधल्या फुटबॉल असोसिएशनची स्थापना त्यानंतर चार वर्षांनी झाली, म्हणजे लेखी नियमांच्या बाबतीत हा खेळ सॉकरच्या, म्हणजे आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याच्याही आधीचा आहे. विल्सचे बालपण पश्चिम व्हिक्टोरियात आदिवासी मुलांबरोबर खेळण्यात गेले होते. त्या लोकांच्या मार्नग्रूक या चेंडूच्या खेळाचा या नियमांवर किती प्रभाव पडला, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. मात्र आज या खेळातल्या सर्वात देखण्या खेळाडूंत आदिवासी खेळाडूंची गणना होते, यावर कोणाचेही दुमत नाही.

क्रिकेटपटूंनी क्रिकेटच्या सुट्टीच्या काळासाठी घडवलेला खेळ म्हणून तो पुढे क्रिकेटच्याच अंडाकृती मैदानावर स्थिरावला. पुढच्या दिवसांत जे पाहिले आणि ऐकले, त्यातल्या बऱ्याच गोष्टींचे मूळ या एका बाबीत सापडते.

शुक्रवार : रात्रीचा सामना

संध्याकाळी रिचमंड स्थानकावर उतरलो तेव्हा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे गळपट्टे घातलेले आजी-आजोबा, कॉलेजातली मुले, बाबागाडीतली बाळे असा लोंढा मैदानाकडे निघाला होता. कॉलिंगवुड या मेलबर्नच्याच क्लबचा राष्ट्रीय लीगमधला सामना होता. दोन्ही संघांचे पाठीराखे एकमेकांत मिसळून बसतात, त्यांच्यात जाळी नसते की पोलिसांची रांग नसते. घरच्या सगळ्यांनी मिळून मैदानावर जाण्याची ही रीत मला फार आवडली.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एका बाजूचे अठरा खेळाडू मैदानात असतात. दोन्ही टोकांना प्रत्येकी चार उंच खांब असतात. मधल्या दोन खांबांमधून पायाने मारलेला चेंडू कोणाचाही स्पर्श न होता गेला तर गोल, त्याचे सहा गुण. बाजूच्या खांबांमधून गेला तर एक गुण. चेंडू लंबगोल असतो. तो हातात घेऊन पळता येते, मात्र पंधरा मीटरच्या आत एकदा जमिनीवर टप्पा द्यावा लागतो. साथीदाराकडे चेंडू हाताने फेकता येत नाही. एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने तो ठोसावा लागतो, नाहीतर पायाने मारावा लागतो. ऑफसाइड नाही. वीस-वीस मिनिटांचे चार डाव असतात आणि खेळ थांबलेला वेळ त्यात वाढवला जात असल्यामुळे प्रत्येक डाव प्रत्यक्षात अर्ध्या तासाच्या आसपास जातो.

या सगळ्यात प्राण ओततो तो ‘मार्क’. निदान पंधरा मीटर लांबून मारलेला चेंडू जमिनीवर पडण्यापूर्वी स्वच्छ झेलला की खेळाडूला विनाअडथळा किक मिळते, म्हणून चेंडू हवेत असताना चार-पाच जण एकाच वेळी उडी घेतात. आमच्या समोरच्या कोपऱ्यात एका खेळाडूने प्रतिस्पर्ध्याच्या पाठीवर गुडघा टेकून उंच झेप घेतली आणि डोक्याच्याही वर चेंडू पकडला, तेव्हा समोरच्या संघाचे पाठीराखेसुद्धा उभे राहिले. प्रतिस्पर्ध्याच्या पाठीचा असा आधार घेणे येथे नियमबाह्य नाही. ही एक झेप पाहिली की कोणत्याही देशातल्या मुलाला हा खेळ खेळून पाहावासा वाटेल, असे माझे प्रामाणिक मत आहे. म्हणजे हा खेळ बाहेर न पसरण्याचे कारण त्याच्या आकर्षकतेत शोधून उपयोग नाही.

मैदानात शिरण्याआधी जिम स्टाइन्सचा पुतळा पाहिला होता. मेलबर्न क्लबचे प्रशिक्षक रॉन बॅरासी यांनी १९८०च्या दशकात आयर्लंडमधले गेलिक फुटबॉल खेळणारे तरुण ऑस्ट्रेलियात आणून घडवण्याचा प्रयोग केला. गेलिक फुटबॉलमध्येही हातपाय दोन्ही वापरतात आणि उंच झेल घेतात, म्हणून हे तरुण लवकर तयार होतील असा त्यांचा हिशेब होता. १९८४ मध्ये डब्लिनहून आलेल्या स्टाइन्सने १९९१ साली सर्वोत्कृष्ट खेळाडूचे ब्राउनलो पदक मिळवले आणि सलग २४४ सामने खेळण्याचा विक्रम केला. पुढे केरी परगण्यातला टाइग केनेली सिडनी क्लबकडून २००५ मध्ये लीगचा विजेता ठरला आणि २००९ मध्ये मायदेशी परतून गेलिक फुटबॉलचे अखिल आयर्लंड विजेतेपदही त्याने मिळवले. कॅनडाचा रग्बीपटू माइक पाइक २०१२ साली सिडनीच्या विजेत्या संघात होता. ज्याने कॉलेजात बास्केटबॉल खेळले तो टेक्सासचा मेसन कॉक्स २०२३ साली कॉलिंगवुडच्या विजेत्या संघात होता. २०१७ पासून सुरू झालेल्या महिलांच्या लीगमध्ये तर आता तीसहून अधिक आयरिश मुली खेळतात.

या साऱ्यांचा मला मनापासून आदर वाटतो. पण हे खेळाडू आयात करणे झाले. चांगले खेळाडू मेलबर्नला आणल्याने डब्लिनमध्ये किंवा डॅलसमध्ये मैदानाची आखणी होत नाही. परदेशी नावे संघाच्या यादीत दिसू लागली की खेळ आंतरराष्ट्रीय झाला असे मानण्याचा मोह होतो, आणि तो टाळला पाहिजे.

शनिवार : टारनीटचे मैदान

मामेभाऊ शहराच्या पश्चिमेला टारनीटमध्ये राहतो. या बाजूच्या उपनगरांत भारतीय कुटुंबे इतक्या संख्येने आहेत की दुकानांत पोह्यांचे चार प्रकार सहज मिळतात. २०२१च्या जनगणनेनुसार व्हिक्टोरिया राज्यात परदेशी जन्मलेल्यांमध्ये भारतात जन्मलेल्यांचा गट सर्वात मोठा आहे. अर्थातच या खेळाचा परक्यांशी संबंध जुळवण्याचे काम येथे परदेशाइतकेच गल्लीतही चालू असते. माझी भाची ‘ऑसकिक’ या लहान मुलांच्या वर्गाला जाते. सकाळी नऊला, गवतावरचे दव अजून वाळलेले नसताना, आम्ही मैदानावर पोहोचलो.

पन्नासेक मुले असतील. पगडीऐवजी पटका बांधलेली, व्हिएतनामी आडनावांची, सुदानी कुटुंबांतली, आणि आमच्यासारख्या घरांतलीही. शिकवणारे सगळे पालक, कोणालाही मानधन नाही. एका बाजूला शेगडीवर सॉसेज भाजले जात होते आणि त्याच्याच शेजारी शाकाहारी मुलांसाठी भाजीचे पॅटिस वेगळ्या तव्यावर होते. तो वेगळा तवा कोणीतरी विचार करून ठेवला होता, हे लक्षात आले आणि त्या अनोळखी माणसाविषयी मनात आदर वाटला.

भाचीने मला ड्रॉप पंट शिकवला. हीच या खेळातली मुख्य किक. चेंडू उभा धरायचा, दोन्ही हातांची बोटे शिवणीच्या बाजूने पसरायची, नाडीची बाजू पुढे ठेवायची. पळत येऊन ज्या पायाने मारायचे त्याच बाजूच्या हाताने चेंडू खाली न्यायचा आणि तो कमरेच्या आसपास आला की सोडायचा. “आत्या, वर उडवायचा नसतो गं, नुसता सोडायचा असतो,” असे ती मला पुन्हा पुन्हा सांगत होती. पावलाचा वरचा भाग ताठ ठेवून चेंडूच्या खालच्या टोकावर बसला की चेंडू मागच्या बाजूला फिरत सरळ जातो. किंचित तिरका सुटला तर कुठेही जातो. एरवी पाय मारण्याकडे आपले सगळे लक्ष असते. येथे सगळे कौशल्य हातातून चेंडू सुटण्याच्या त्या क्षणात आहे, आणि ते शेजारी उभे राहून दाखवणारे कोणीतरी असल्याशिवाय येत नाही. दूरदर्शनवर शेकडो सामने पाहूनसुद्धा हे मला कळले नसते.

चहा पिताना एका वडीलधाऱ्या कार्यकर्त्याशी चेंडूंविषयी बोलणे झाले. शेरिन हे येथले चेंडूचे जुने नाव, कॉलिंगवुडमध्ये १८८० सालापासून चालत आलेले. २०१२ मध्ये याच नावाचे मुलांसाठीचे चेंडू आपल्या जालंधरमध्ये लहान मुलांकडून शिवून घेतले जात असल्याचे येथल्या वृत्तपत्रांनी उघड केले होते. कंपनीने तो उपकंत्राटदार काढून टाकला आणि सुई राहून गेल्याच्या भीतीने ऑसकिकचे चेंडू मोठ्या संख्येने परत मागवले. ज्या वयाची मुले टारनीटच्या गवतावर चेंडूमागे धावत होती, त्याच वयाच्या मुलांनी तो टाके घालून तयार केला होता. भारताशी या खेळाचा हा व्यवहार मैदानातून आलेला नाही, तो चेंडूंच्या धंद्यातून आलेला आहे. भारतात खेळाच्या प्रसाराविषयी बोलताना हेही सांगितले गेले पाहिजे असे मला वाटते.

रविवार : रॉयल पार्क

अठ्ठावन्न नंबरच्या ट्रामने रॉयल पार्कला गेलो. प्राणिसंग्रहालयाच्या बाजूची ही विस्तीर्ण मोकळी जागा, एकामागून एक मैदाने, मधे निलगिरीची झाडे. येथेच आंतरराष्ट्रीय चषकाचे, म्हणजे ऑस्ट्रेलियाबाहेरच्या देशांच्या स्पर्धेचे, कितीतरी सामने झाले. रविवारी सकाळी हौशी संघांचे सामने चालू होते आणि त्यांच्या कडेला उभे राहून, पूर्वी या स्पर्धेत स्वयंसेवक म्हणून काम केलेल्या एका निवृत्त शिक्षकांकडून मी बराच वेळ माहिती घेतली.

ही स्पर्धा २००२ साली मेलबर्नमध्ये सुरू झाली. अकरा देश आले होते. अंतिम सामन्यात आयर्लंडने पापुआ न्यू गिनीला हरवले. दर तीन वर्षांनी ती भरे. २००५ मध्ये न्यूझीलंड, २००८ मध्ये पापुआ न्यू गिनी, २०११ मध्ये पुन्हा आयर्लंड, आणि २०१४ व २०१७ मध्ये पापुआ न्यू गिनी विजेते ठरले. २०१७च्या अंतिम सामन्यात पापुआ न्यू गिनीने न्यूझीलंडवर अवघ्या एका गुणाने मात केली. भारताचा संघ २००८ साली प्रथम आला. त्याच वर्षी इस्रायली आणि पॅलेस्टिनी तरुणांचा एकत्र ‘पीस टीम’ही खेळला. २०११ पासून महिलांचे सामने सुरू झाले.

मला सर्वात मोलाचा वाटला तो खेळाडूंच्या पात्रतेचा नियम. नुसते पारपत्र असून भागत नसे. दहा ते सोळा वर्षे या वयात खेळाडू त्या देशात वाढलेला असावा लागे. म्हणजे लंडनमध्ये नोकरीला गेलेला मेलबर्नचा तरुण ब्रिटनकडून खेळू शकत नव्हता. इतर खेळांच्या विश्वचषकांत आजोबांच्या जन्मदाखल्यावर संघ भरले जातात. येथे मात्र प्रत्येक देशाने खेळ आपल्याच मुलांना शिकवावा, ही अट नियमातच घातलेली होती. अमेरिकेतल्या राष्ट्रीय स्पर्धेतही मैदानावर निम्म्याहून जास्त ऑस्ट्रेलियन असता कामा नयेत, असा दंडक घालून घेतलेला आहे. जो खेळ परदेशात फक्त घरची आठवण काढणाऱ्या प्रवाशांच्या मेळाव्यांतून टिकतो, तो त्या प्रवाशांबरोबर परतही जातो, हे हे नियम करणाऱ्यांना पक्के ठाऊक असले पाहिजे.

बहुतेक संघ विमानाच्या तिकिटाचे पैसे स्वतः जमवून येत. सामने चालू असताना एक शनिवार-रविवार या संघांना उपनगरांतल्या आणि खेड्यांतल्या क्लबांच्या मैदानांवर पाठवले जाई. तिथे स्थानिक क्लब त्यांच्या जेवणाखाण्याची व्यवस्था करी, आणि गावातली मुले त्यांच्या सह्या घेत. ते शिक्षक सांगत होते की असे पाहुणे संघ परत जाताना आपल्या पिशव्यांत चेंडू, जुने बूट आणि प्रशिक्षणाच्या वह्या भरून नेत असत.

२०२० ची स्पर्धा महासाथीमुळे पुढे ढकलली गेली, नंतर रद्द झाली, आणि त्यानंतर त्या स्वरूपात ती भरलेली नाही. आता आशिया, पॅसिफिक, युरोप, अमेरिका अशा प्रादेशिक स्पर्धांवर भर आहे. खर्चाच्या दृष्टीने ते समजण्यासारखे आहे. पण नाउरूच्या मुलाने आयर्लंडच्या मुलाबरोबर मेलबर्नमध्ये खेळणे, या गोष्टीची जागा प्रादेशिक स्पर्धा घेऊ शकत नाही, आणि ही स्पर्धा पुन्हा सुरू व्हावी असे मला अगदी तळमळीने वाटते.

हे अधिक खटकते, कारण याच काळात दुसऱ्या मार्गावर मात्र पैसा खर्च झाला. २५ एप्रिल २०१३ रोजी, सैनिकांच्या स्मरणाच्या अँझॅक दिनी, सेंट किल्डा आणि सिडनी यांच्यातला लीगचा सामना न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला झाला. गुणांसाठीचा अधिकृत सामना देशाबाहेर होण्याची ती पहिलीच वेळ होती. पहिल्या वर्षी बावीस हजारांच्या आसपास लोक आले. २०१५ पर्यंत तीन वर्षे सामने झाले, तोपर्यंत गर्दी जवळजवळ अर्ध्यावर आली होती, आणि मग ते बंद पडले. त्यानंतर पोर्ट ॲडलेड क्लबने शांघाय गाठले. २०१७ ते २०१९ दर वर्षी जियांगवान मैदानावर एक सामना झाला, तिन्ही पोर्ट ॲडलेडने जिंकले. पहिल्या सामन्याला सुमारे दहा हजार लोक होते आणि त्यांत ऑस्ट्रेलियाहून विमानाने आलेल्यांचा भरणा मोठा होता. महासाथ आली आणि तेही थांबले. या सामन्यांमागे प्रायोजक होते, व्यापारी संबंध होते, मंत्र्यांच्या भेटी होत्या. सामना संपल्यावर त्या शहरातल्या शाळेत सोमवारी सकाळी चेंडू घेऊन कोण उभे राहणार, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्या मानाने फार तोकडे होते.

येथे मला आमच्या कबड्डीची आठवण होणे साहजिक होते. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. तो अभिमानाचा प्रसंग होता, पण कबड्डी आशियाई स्पर्धेत पदकाचा खेळ म्हणून यायला १९९० साल उजाडले, आणि जर्मनीत ती काही त्या प्रात्यक्षिकाने रुजली नाही. याउलट नाशिकच्या शैलजा जैन इराणला गेल्या, तिथल्या मुलींबरोबर राहून त्यांनी त्यांना शिकवले, आणि २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इराणच्या महिलांनी भारतालाच हरवून सुवर्णपदक घेतले. त्या पराभवाचे आपल्याकडे दुःख झाले. मला तो आपल्या खेळाचा फार मोठा विजय वाटतो, कारण शिकवणारी व्यक्ती तिथे जाऊन राहिली आणि खेळ खऱ्या अर्थाने त्या मुलींचा झाला.

सोमवार : जिलाँग

टारनीट स्थानकातूनच जिलाँगची गाडी मिळते. तासाभराच्या आत आपण कोरिओ उपसागराच्या काठावर पोहोचतो. जिलाँगचा फुटबॉल क्लब १८५९ पासूनचा, जगातल्या अतिशय जुन्या फुटबॉल क्लबांपैकी एक. मी मात्र एका वेगळ्या धाग्यासाठी आले होते.

नाउरू हे पॅसिफिकमधले एकवीस चौरस किलोमीटरचे बेट. पहिल्या महायुद्धानंतर त्याचा कारभार प्रामुख्याने ऑस्ट्रेलियाच्या हाती आला आणि तिथल्या फॉस्फेटची खाण अनेक दशके चालली. १९३०च्या दशकात बेटावरच्या काही मुलांना शिक्षणासाठी जिलाँगला पाठवण्यात आले. येथल्या शाळांत ती मुले फुटबॉल शिकली आणि परत जाताना खेळ बरोबर घेऊन गेली. त्यांच्यापैकी हॅमर डीरोबर्ट हे पुढे ३१ जानेवारी १९६८ रोजी स्वतंत्र झालेल्या नाउरूचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. आज ऑस्ट्रेलियन फुटबॉल हा नाउरूचा राष्ट्रीय खेळ आहे. लिंकबेल्ट ओव्हल हे तिथले मुख्य मैदान. त्यावर हिरवळ नाही, पांढुरकी फॉस्फेटची माती आहे, आणि त्याच मातीवर अनवाणी खेळणाऱ्या मुलांची छायाचित्रे मी पूर्वी पाहिली होती.

फेनविक स्ट्रीटवरच्या गॉर्डन संस्थेच्या जुन्या विटकरी इमारतीसमोर बराच वेळ थांबले. येथे शिकणारी ती मूठभर मुले हिवाळ्यातल्या शनिवारी क्लबच्या तेव्हाच्या कोरिओ ओव्हल मैदानाकडे जात असतील. त्यांना कोणी खेळाचे दूत म्हणून नेमलेले नव्हते, त्यांच्यासाठी कोणी निधी ठेवलेला नव्हता. त्यांना खेळ येत होता, आवडत होता, आणि ती आपल्या लोकांत परत गेली, एवढेच घडले. खाणीमुळे त्या बेटाची जी दुर्दशा झाली तीही याच कारभाराची देणगी आहे. दोन्ही गोष्टी एकाच जहाजाने गेल्या, म्हणून खेळाच्या कौतुकात दुसरी झाकून टाकणे योग्य होणार नाही.

पापुआ न्यू गिनीचीही कहाणी याच जातीची. तिथेही ऑस्ट्रेलियाचा कारभार १९७५ पर्यंत होता, आणि येथून गेलेल्या नोकरदारांचा खेळ स्थानिक तरुणांनी उचलला. स्वातंत्र्यानंतर ते नोकरदार परतले तेव्हा खेळाला मोठी ओहोटी लागली आणि देशात रग्बी लीगचे वेड वाढले. तरीही शाळांमधून काम होत राहिले, म्हणूनच आंतरराष्ट्रीय चषकाच्या प्रत्येक अंतिम सामन्यात हा देश दोनातला एक संघ म्हणून उभा राहू शकला. पोर्ट मोर्सबीत जन्मलेला माल मायकल ब्रिस्बेनकडून २००१, २००२ आणि २००३ अशी लागोपाठ तीन विजेतेपदे खेळला.

मंगळवार : वाचनालय

शेवटचा दिवस स्टेट लायब्ररीच्या घुमटाखालच्या अष्टकोनी वाचनकक्षात काढला. जुन्या वृत्तपत्रांतून मला मुख्यतः अपयशाचा इतिहास पाहायचा होता.

१९०८ मध्ये या खेळाच्या पन्नाशीनिमित्त मेलबर्नला जो महोत्सव भरला, त्यात न्यूझीलंडचा संघ आला होता आणि त्याने न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंड या दोघांनाही हरवले. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी न्यूझीलंडमध्ये हा खेळ चांगला जोमात होता. मग पहिले महायुद्ध आले, खेळणारी पिढी आघाडीवर गेली आणि तिथला खेळ अक्षरशः नामशेष झाला. त्याला पुन्हा उभे राहायला १९७०चे दशक लागले. २८ ऑक्टोबर १९१६ रोजी लंडनच्या क्वीन्स क्लबवर ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या दोन संघांनी रेडक्रॉसच्या मदतीसाठी सामना खेळला. पुढच्या महायुद्धात सिंगापूरच्या चांगी छावणीत जपान्यांच्या कैदेत असलेल्या सैनिकांनी उपाशीपोटी चक्क आपली लीग चालवली, आणि १९४३ साली पीटर चिटी या सैनिकाला तिथेच घडवलेले ‘चांगी ब्राउनलो’ पदक देण्यात आले. ते पदक आज कॅनबेराच्या युद्धस्मारकात आहे. या दोन्ही ठिकाणी खेळणाऱ्यांच्या जिद्दीला सलाम करावा तेवढा थोडा. पण लंडनमध्ये काय किंवा चांगीत काय, खेळणारेही ऑस्ट्रेलियन आणि बहुतांशी पाहणारेही ऑस्ट्रेलियन, त्यामुळे युद्ध संपले तसा खेळही तिथून निघाला.

मैदानाचा प्रश्न राहतोच. पूर्ण आकाराचे मैदान १३५ ते १८५ मीटर लांब लागते. युरोपात बहुतेक ठिकाणी क्रिकेटची मैदाने नाहीत, म्हणून तिथल्या लोकांनी सॉकरच्या मैदानावर बसणारा नऊ-नऊ खेळाडूंचा प्रकार स्वीकारला. २००५ पासून तिथला युरो चषक असाच खेळला जातो. काही जुन्या मंडळींना हा खेळाचा संकोच वाटतो. मला तो या साऱ्या इतिहासातला सर्वात शहाणपणाचा निर्णय वाटतो, कारण अठरा खेळाडू जमेपर्यंत वाट पाहणारा क्लब बहुधा कधीच सुरू होत नाही. भारतात उलट स्थिती आहे. आपल्याकडे क्रिकेटची मैदाने गावोगाव आहेत, खेळाची संघटना आहे, राष्ट्रीय स्पर्धाही भरतात. कमी पडतात ते शाळेत रोज उभे राहणारे शिक्षक.

संध्याकाळी मामेभावाबरोबर दुकानात गेले. महिलांच्या लीगमध्ये चार नंबरचा, जरा लहान चेंडू वापरतात, तेच चेंडू आमच्या नववीच्या मुलींसाठी घेतले. हवा काढून ते सामानात सपाट भरता येतात. पाऊस उघडला की शाळेच्या मैदानावर नऊ-नऊच्या दोन बाजू करायच्या, खांबांसाठी हँडबॉलच्या गोलचौकटींच्या बाजूला बांबू रोवायचे, आणि पहिले काही आठवडे सामना न खेळवता फक्त हातातून चेंडू सोडायला शिकवायचे, असे ठरवले आहे. भाचीने तिच्या वर्गातल्या सरावाचे चलचित्र करून पाठवण्याचे कबूल केले आहे, आणि भारतातल्या संघटनेला विचारण्यासाठी मी पत्राचा मसुदा विमानात लिहून पूर्ण केला. त्यात पहिली मागणी प्रशिक्षकाने आमच्या शाळेत निदान एक संपूर्ण सत्र मुक्काम करावा अशी आहे. प्रदर्शनीय सामन्याची मागणी त्यात नाही.